महानगरी जाणिवेबाहेरचे पाडे

महानगरी साहित्याविषयीची मराठी समीक्षा गिरणगाव, चाळ, नाका आणि झोपडपट्टी या स्थळांभोवती वाढली. ‘वासूनाका’ (१९६५), ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), ‘गोलपिठा’ (१९७२) या कृतींच्या चर्चेतून तिची परिभाषा घडली. त्या परिभाषेतील एक गृहीत मात्र अद्याप पुरेसे तपासले गेलेले नाही. माणूस मुंबईत बाहेरून येतो, मुळापासून तुटतो आणि त्या तुटलेपणातून महानगरी जाणीव जन्मते, हे ते गृहीत होय.

गोरेगावच्या आरे परिसरातील वारली, कोकणा, मल्हार कोळी यांच्या पाड्यांना हे गृहीत लागू पडत नाही. १९४९ साली तेथे दूध वसाहत स्थापन झाली, त्यापूर्वीपासून ही वस्ती आहे. पुढे पालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली आणि पाडे जागचे न हलता मुंबईत आले. पावसाळ्यात रानभाजी घेऊन बाजारात बसणारी पाड्यावरची स्त्री गिऱ्हाइकाला केवळ भाजीवाली वाटते. त्याच गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात वारली चित्राची चौकट असते! आदिवासी साहित्याची समीक्षाही या स्त्रीला बहुधा डोंगरदऱ्यांतच शोधते. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) शिकवताना तलासरी-डहाणूचा उल्लेख होतो, गोरेगावचा होत नाही.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन वर्गीकरणाचा नाही. पाड्याला ‘झोपडपट्टी’ म्हटले की पुनर्वसनाच्या इमारतीतील सदनिका हा पुरेसा मोबदला ठरतो. ‘पाडा’ म्हटले की शेत, फळझाडे, वाघोबाचे स्थान आणि २००६ च्या वनहक्क कायद्याचा दावा या सर्वांची दखल घ्यावी लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा वाद मुख्यतः पर्यावरण विरुद्ध विकास असा रंगला. झाडांची गणना झाली. त्याच प्रकल्पापायी प्रजापूरपाड्यातील कुटुंबांना आधीच घरे सोडावी लागली होती, हे त्या गदारोळात मागे पडले. ज्या समूहाला शहराच्या कथनात जागा नाही, त्याचे विस्थापन शहराला विस्थापन वाटत नाही. या अनास्थेत समीक्षेचाही वाटा आहे, कारण शहर कोणाचे याची नामावली तिनेही तयार केली आहे.

पदव्युत्तर प्रबंधिकांसाठी दरवर्षी ‘महानगरी संवेदना’ हा विषय निवडला जातो. पाड्यांवरील बोली, विधी व कथा यांची नोंद त्यांपैकी किती प्रबंधिकांत सापडेल? कालिन्याच्या विद्यार्थ्याला त्यासाठी जव्हार गाठण्याची आवश्यकता नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सांताक्रूझहून आरेपर्यंत मेट्रो जाते, आणि ती त्याच कारशेडमधून निघते.