चित्रदर्शन

गेल्या मे महिन्यांत आमच्या गोंदियाच्या घरांतून आम्ही चौघेजण पंधरा दिवस युरोपांत हिंडून आलों. रोम, फ्लॉरेन्स व पॅरिस हीं तीन नगरें पाहिलीं आणि मोबाईलमध्यें २,३०० छायाचित्रें भरून आणलीं. एवढ्या चित्रांचें पुढें काय करावयाचें हा विचार प्रवासांत कोणासच शिवला नाहीं. तो करावयास लाविलें आमच्या आत्याबाईंनीं.

आत्याबाईंचें वय ८६. जिना उतरणें त्यांस जड जातें, तेव्हां घरांतल्या इतरांनीं केलेला प्रवास ऐकणें हाच आतां त्यांचा प्रवास. आलों त्याच्या दुसऱ्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत टेलिव्हिजनच्या पडद्यावर चित्रें लाविलीं व सगळें घर भोंवतीं बसलें. पहिल्याच चित्रावर आत्याबाईंनीं विचारिलें, "हा कोण रे?" आम्हीं सांगितलें, "रोमचा एक बादशहा." "कोणता?" आम्हीं पुतण्याकडे पाहिलें, पुतण्यानें सूनबाईंकडे पाहिलें. पुढच्या चित्रांत नव्होना चौकांतील कारंजापुढें आम्ही चौघे हंसत उभे. पाठीमागें खडकावर रेललेला एक दाढीवाला धिप्पाड पुरुष, हातांत वल्हें. "आणि हा?" कोणासही सांगतां येईना.

रात्रीं शोध घेतला तेव्हां कळलें कीं, बर्निनीनें १६५१ सालीं पुरें केलेल्या त्या कारंजांत चार खंडांच्या चार नद्या पुरुषरूपानें बसविल्या आहेत: नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाटा आणि गंगा. वल्हें धरलेली ती आमची गंगा! सकाळीं आत्याबाईंस हें सांगितलें. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे सातासमुद्रांपलीकडे गंगा भेटली, आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून उभे राहिलां."

वाचकांस ही थट्टा वाटेल. आम्हांस ती लागली. कारण उरलेलीं चित्रेंही त्याच मासल्याचीं निघालीं. फ्लॉरेन्सच्या राजवाड्यासमोरील डेव्हिडच्या पुतळ्याचीं आम्ही ४० छायाचित्रें घेतलेलीं. मायकेल अँजेलोनें १५०१ ते १५०४ या काळांत कोरलेला सुमारें १७ फूट उंचीचा तो मूळ पुतळा १८७३ सालींच तेथून हलवून अकादमीच्या इमारतींत नेला. चौकांत उभी आहे ती १९१० सालीं बसविलेली प्रतिकृति. पाटी वाचावयास अर्धा मिनिट लागता. शिवाय माध्यान्हींच्या उन्हांत पांढरा संगमरवर असा भडकतो कीं, अंगावरची एकही रेषा चित्रांत उतरलेली नाहीं. सकाळच्या तिरप्या उन्हांत एकच चित्र घेतलें असतें तर तें ४० चित्रांस भारी झालें असतें.

मात्र एका चित्राशीं सगळें घर थबकलें. दाट झाडी, आणि तींत आपल्या पद्धतीची घुमटाची छत्री. खालीं तरुण राजाचा अर्धपुतळा. "हें तर आपल्याकडचें!" आत्याबाई म्हणाल्या. आमच्या सूनबाईंचें माहेर कोल्हापूरचें. त्यांच्या मातुःश्रींनीं निघतांनाच बजावलें होतें कीं, दुसरें कांहीं न पाहिलें तरी चालेल, पण आमच्या महाराजांची छत्री पाहून या. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० सालीं इंग्लंडास गेले. परततांना फ्लॉरेन्स येथें आजारी पडून ३० नोव्हेंबर रोजीं वारले. वय अवघें २०. दहनाची चाल त्या देशांत नव्हती. तरी परवानगी मिळाली, व आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचा अंत्यविधि झाला. १८७४ सालीं तेथें ही छत्री उभी राहिली. आराखडा मँट साहेबांचा, म्हणजे पुढें कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनीं रेखिला त्यांचाच. अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. जवळच्या पुलासही लोक 'इंडियानो' हेंच नांव देतात.

नदीकांठच्या त्या लांबलचक उद्यानाच्या अगदीं टोंकापर्यंत आम्ही पायीं गेलों होतों. सूनबाईंनीं प्रथम छत्रीस फेरी घातली, पायांतले जोडे काढून नमस्कार केला, मग चित्र घेतलें. एकच. त्या रात्रीं त्या एका चित्रावर त्या अर्धा तास बोलत होत्या आणि कोणी उठलें नाहीं.

आत्याबाईंनीं तरुणपणीं संस्कृताचा अभ्यास केलेला. त्या म्हणाल्या, "उत्तररामचरिताचा पहिला अंक आठवतो ना? त्यालाच चित्रदर्शन म्हणतात. राम, सीता आपल्या वनवासाचीं चित्रें पाहतात. लक्ष्मण तीं नुसतीं दाखवीत नाहीं. हें कोण, हें कोठलें, सांगत जातो. ऊर्मिलेपाशीं मात्र नांव गाळतो, आणि सीता मुद्दाम विचारते, ही दुसरी कोण? तो लाजून अडला. तुम्ही कशानें अडलांत?"

भवभूति आठव्या शतकांतला. आपल्या जिल्ह्यांतील आमगांवजवळचें पदमपूर हेंच त्याचें पद्मपूर, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचें प्रतिपादन आहे. (त्यांनीं तें मांडलें तेव्हां हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत होता, गोंदिया जिल्हा १९९९ सालीं वेगळा झाला.) पॅरिसच्या लूव्हरमध्यें जिन्याच्या माथ्यावर उभी असलेली पंखांची विजयदेवता आम्हीं १७ वेळां टिपली. १८६३ सालीं सॅमोथ्रेस बेटावर सांपडलेल्या त्या मूर्तीस शिर नाहीं, हात नाहींत. आपल्याकडे मूर्ति भंगली कीं ती पूजेंतून उठते, आणि पूजेंतून उठली कीं बहुधा आपल्या नजरेंतूनही उठते. पदमपूर आम्हांस आगगाडीनें अर्ध्या तासाच्या वाटेवर. नागऱ्याचें शिवालय तर गांवाला लागूनच. या दोन्ही ठिकाणचें एकही छायाचित्र आमच्या घरांत नाहीं, हें आत्याबाईंनीं विचारल्यावर ध्यानांत आलें.

आतां त्यांच्या सांगण्यावरून ६० चित्रें कागदावर छापून घेतलीं आहेत. प्रत्येकाच्या पाठीमागें कोण, कोठलें, कोणीं घडविलें, तें सूनबाई पेन्सिलीनें लिहितात. ५१ लिहून झालीं. नऊंचा पत्ता अद्याप लागत नाहीं, तीं वेगळ्या पाकिटांत ठेविलीं आहेत. पावसाळा सरल्यावर मोटारीनें पदमपुरास जाण्याचें ठरलें आहे. आत्याबाई म्हणतात, त्या येणार; जिना उतरण्यास दोघांनीं धरावें. कॅमेरा कोणीं घ्यावयाचा याचा वाद अजून चालू आहे.