पदवीइतकाच पाळण्याजवळचा अनुभव मोलाचा

सहा महिन्यांचे आजारी बाळ आपल्याला काय होते ते सांगू शकत नाही. त्याचा वाढलेला श्वास, आत ओढली जाणारी छाती, दूध पिताना लागणारी धाप बहुधा सर्वांत आधी टिपते ती परिचारिका. औषधाची मात्राही वजनावर ठरते. दशांश चिन्ह एक घर सरकले, तर मात्रा दहापट होते.

या अनुभवी नजरेला शिक्षणाची जोड मिळावी म्हणून १९६५ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी ‘पेडिअ‍ॅट्रिक नर्स प्रॅक्टिशनर’चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तो अनुभवी सार्वजनिक आरोग्य परिचारिकांसाठी होता. आज तेथे पदव्युत्तर पदवी लागते. मात्र काही अभ्यासक्रमांत पूर्वानुभवाशिवायही प्रवेश मिळतो. शिक्षण वाढले, पण अनुभवाची अट सैल झाली.

भारतात अतिदक्षता विभागासाठीच्या नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमाला बी.एस्सी. नर्सिंगनंतर किमान एक वर्षाचा अनुभव आवश्यक आहे. बालरुग्णांसाठी असे शिक्षण आखताना ही अट अधिक कडक हवी: अनुभव बालरोग किंवा नवजात कक्षातलाच असावा आणि तो दोन वर्षांहून कमी नसावा.

पण असा अनुभव साठणार कसा? नवजात कक्षात तयार झालेली परिचारिका एका आदेशाने दुसऱ्या विभागात जाते आणि तिच्या जागी आलेली नव्याने शिकू लागते. त्या शिकण्याची किंमत पाळण्यातल्या बाळाने मोजू नये, एवढे तरी प्रशासनाने पाहावे.