'ओन्ली' म्हणजे फक्त काय?

'ओन्ली' हा इंग्रजीतला अगदी साधा शब्द. मराठीत आपण 'फक्त', 'केवळ' म्हणतो, नाहीतर नुसता 'च' जोडून भागवतो. पण हा शब्द वाक्यात कुठे बसतो, त्यावर सगळे अवलंबून असते. 'फक्त आई शिळी भाकरी खाते' आणि 'आई फक्त शिळी भाकरी खाते' ही वाक्ये म्हणून पाहा. पहिल्यात घरातली वाटणी दिसते, दुसऱ्यात आईचे ताट.

हे व्याकरण आपल्या पोटापाण्याशी येऊन भिडते. राज्यघटनेच्या 15व्या कलमानुसार सरकारला केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून नागरिकांत भेदभाव करता येत नाही. सरकारी नोकरीविषयीच्या 16व्या कलमातही हा 'केवळ' आहे. इंग्रजीत तिथे 'ओन्ली' आहे.

या एका शब्दाची किंमत नर्गेश मिर्झा खटल्यात कळली. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना 35व्या वर्षी निवृत्ती. पुढची मुदतवाढ वरिष्ठांच्या मर्जीवर. विमानात त्यांच्या बरोबरीने काम करणारे पुरुष मात्र 58पर्यंत नोकरीत. पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर नोकरी गेली, पहिल्यांदा दिवस राहिले तरी गेली. 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि मर्जीचा अधिकार रद्द केला. पण लग्नाची अट टिकली, आणि पुरुषांआधी निवृत्त करणे हाही भेदभाव ठरला नाही. कारण, बंदी आहे ती 'केवळ' लिंगावरून केलेल्या भेदभावाला. इथे भरती आणि सेवाशर्तीच वेगळ्या आहेत!

पण त्या वेगळ्या केल्या कोणी? 'तू बाई आहेस म्हणून नको' असे तोंडावर कोण सांगतो? लग्न होईल, मूल होईल, रात्रपाळी झेपणार नाही, असे काहीतरी जोडीला असतेच. ही कारणे बाईपणालाच चिकटवलेली आहेत. ती वेगळी मोजली, तर 'केवळ' बाई म्हणून झालेला अन्याय कधीच सापडणार नाही.

न्यायालयालाही हे हळूहळू पटले. जिथे दारू प्यायली जाते अशा जागी बायकांना नोकरीवर ठेवायला बंदी घालणारे 1914च्या पंजाब अबकारी कायद्यातले कलम 2007 साली रद्द ठरले. 'तुमच्याच सुरक्षिततेसाठी' ही सबब तेव्हा चालली नाही. 2018 साली 377व्या कलमाच्या निकालपत्रात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी 'ओन्ली'च्या त्या जुन्या अर्थावर थेट टीका केली. बाईने कसे असावे याच्या ठोकळेबाज कल्पनांवर उभा असलेला भेदभाव हा लिंगावरूनच केलेला भेदभाव आहे, असे त्यांनी म्हटले. आणि 1988 साली लग्न केले म्हणून लष्कराच्या सेवेतून काढलेल्या परिचारिकेला 2024 साली 60 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. मधली छत्तीस वर्षे मात्र कोणीच परत देऊ शकत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, कामाच्या ठिकाणचा कुठलाही नियम हाती आला की 'बाई'च्या जागी 'पुरुष' घालून मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्यांना हसू आले, तर जोडीला दहा कारणे असोत, तो नियम 'केवळ' आपल्यासाठीच लिहिलेला आहे.