ओट्यामागची सोळा फूट भिंत

मंडळी, या विकांताचा विषय कॉम्प्युटरचा नाही, स्वयंपाकघराचा आहे. ओट्यामागच्या भिंतीला टाईल्स स्वतः लावाव्यात का? माझं मत विचाराल तर हो, एकदा तरी लावाव्यात. पैसे वाचतात म्हणून नव्हे. हत्यारांचा खर्च धरला तर फारसं काही वाचत नाही.

"मिस्त्रीच्या पोटावर पाय कशाला?" असं कोणी म्हणेल. पण बिडकीनची ७,८५५ एकरांची औद्योगिक वसाहत सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झाली. एवढी मोठी कामं शेजारी असताना आठ बाय दोन, म्हणजे सोळा चौरस फुटांसाठी चांगला मिस्त्री दोन दिवस कशाला अडकून पडेल?

आता कामाकडे बघू. टाईल चिकटवणं हा यातला सर्वात सोपा भाग आहे. आपल्याकडे स्वयंपाकघराच्या भिंतीला हमखास ऑईल पेंट असतो, वर वर्षानुवर्षांच्या फोडणीचा चिकट थर. त्यावर काही म्हणता काही धरत नाही. तो खरवडायचा, भिंतीला टाचे मारायचे, पोकळ वाजणारा गिलावा पाडून परत करायचा. मग पाणसळ लावून बघायचं. ओटा क्वचितच सपाट असतो, म्हणून पहिली ओळ ओट्याच्या कडेवरून नाही, भिंतीवर मारलेल्या आडव्या रेघेवरून धरायची.

टाईलचंही तसंच. सिरॅमिकची भिंतीची टाईल सच्छिद्र असते, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. म्हणून सिमेंटवर लावताना ती आधी भिजवतात. व्हिट्रिफाईड टाईल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. तिला नुसतं सिमेंट नीट धरत नाही, तिथे अ‍ॅडेसिव्हच हवं. (पिशवीवर आयएस १५४७७ आणि प्रकार वाचून घ्या.) अ‍ॅडेसिव्ह असेल तर टाईल भिजवायची नाही. दातेरी थापीने ते पसरवा, आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात एका वेळी दोन-तीन टाईल्सपुरतंच. पहिली टाईल लावली की लगेच काढून मागची बाजू बघा. सगळीकडे माल लागला नसेल तर पुढे जाऊ नका. आमच्या धंद्यात यालाच टेस्टिंग म्हणतात :-)

टाईल कापताना पाणी वापरा, मास्क लावा. ती धूळ सिलिकाची असते आणि फुफ्फुसात गेली की परत येत नाही. स्विचबोर्डाजवळ काम असेल तेव्हा मेन स्विच बंद. ग्राऊट दुसऱ्या दिवशी. ओटा आणि टाईल यांच्यामधली फट मात्र ग्राऊटने नाही, सिलिकॉनने भरायची, कारण ग्राऊट तिथे तडकतं.

आता मुख्य मुद्दा. मिस्त्रीला आपण पैसे देतो फुटावर. वर लिहिलेल्यापैकी फुटात काय मोजलं जातं? खरवडणं नाही, टाचे नाहीत, बोर्डाभोवतीची चार नाजूक कापणीही नाही. प्रोग्रॅमरला ओळी मोजून पगार दिला तर तो ओळी वाढवेल, हे आपल्याला कळतं. फुटावर पैसे मिळणारा मिस्त्री भिंत तयार करायचं काम उरकून टाकतो, तेव्हा मात्र आपण म्हणतो "आजकालचे कारागीर!" आपण ज्याचे पैसे देत नाही तेच काम तो गाळतो. त्यात कारागिराचा दोष कमी, आपल्या मोजमापाचा जास्त.

म्हणून माझं म्हणणं असं, की छोट्या आणि अडचणीच्या कामाला रोजावर पैसे द्यावेत. फुटावरच द्यायचे असतील तर भिंतीच्या तयारीचे वेगळे धरावेत. आणि त्याच्यासाठी मास्क आपण आणून ठेवावा. धूळ त्याच्या छातीत जाते, आपल्या नाही.

थापी हातात धरणं म्हणजे कमीपणा, हे आपल्याकडे शिकलेल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलंय. एका विकांतात ते अख्खं निघणार नाही. पण सोळा फूट भिंत स्वतः केलेला माणूस पुढच्या वेळी फुटामागे पाच रुपयांसाठी घासाघीस करताना जरा तरी अडखळेल. एवढं झालं तरी पुष्कळ.