विश्लेषण : लहान मुलांसह थीम पार्क की क्रूझ? सुट्टीचा निर्णय फुटपट्टीवर आणि प्रवासाच्या तासांवर का ठरतो?

वार्षिक परीक्षा संपत आल्या की पालकांच्या मोबाइलवर दोन प्रकारच्या जाहिराती झळकू लागतात. एकीत रोलर कोस्टर, दुसरीत समुद्रातले जहाज. छत्रपती संभाजीनगरातील मध्यमवर्गीय कुटुंबासाठी दोन्हींचा खर्च वर्षातून एकदाच पेलवणारा. तीन ते आठ वर्षांची मुले सोबत असतील तर चुकीच्या निवडीची किंमत पैशांपेक्षा अधिक असते. रडणारे मूल, दमलेली आई आणि ‘उगाच आलो’ हे वाक्य. त्यामुळे कोणती सहल भारी, यापेक्षा आपल्या मुलाला कोणती झेपेल, हे आधी पाहावे लागते.

क्रूझचा पर्याय अचानक कुठून आला?

काही वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. क्रूझ म्हणजे सिंगापूर किंवा युरोप, आणि थीम पार्क म्हणजे मुंबईचे एस्सेल वर्ल्ड. एप्रिल २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले आणि पुढच्या वर्षी तिथेच वॉटर पार्क आले. २०२२ मध्ये ही कंपनी संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. लोणावळा आणि शिर्डीचे वेट अँड जॉय तसेच शिर्डीचे साईतीर्थ हीदेखील याच समूहाची उद्याने.

क्रूझच्या बाजूने सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाने मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या सुरू केल्या. जहाज १९९० मधले, आधी अमेरिकी कंपनीकडे असलेले. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले ते याच जहाजावरून. २०२९ पर्यंत देशातील क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. थोडक्यात, जाहिराती वाढल्या आहेत त्या यामुळे.

थीम पार्कमध्ये वय न विचारता उंची का मोजतात?

राइडची सुरक्षा कुणाच्या वाढदिवसावर अवलंबून नसते. मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यावरून खाली येणारी चौकट ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेली असते. शरीर लहान असेल तर ते त्याखालून निसटू शकते. शिवाय लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मानेचे स्नायू कोवळे. वेगाने वळण घेताना मानेवर येणारा भार मोठ्यांना जेमतेम जाणवतो, पण तीन वर्षांच्या मुलाला तो सोसत नाही. वजन, पायांची लांबी, मानेची ताकद हे सगळे प्रवेशद्वारावर मोजणे शक्य नसल्याने उंची ही सोपी खूण वापरली जाते. त्यामुळे ‘घ्या ना दादा, एवढ्याने काय होतं’ अशी विनंती करू नये आणि कर्मचाऱ्याने ऐकली तर आपणच मागे फिरावे.

मोठ्या रोलर कोस्टरसाठी जगभर साधारण १२० ते १४० सेंटिमीटर किमान उंची लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार मध्यम उंचीचे मूल तीन वर्षांचे असताना सुमारे ९५ सेंटिमीटर, पाच वर्षांचे असताना ११० आणि सात वर्षांचे असताना १२१ सेंटिमीटर असते. १३८ च्या आसपास पोहोचायला दहावे वर्ष उजाडते. म्हणजे ज्या राइडचे फोटो पाहून आपण तिकीट काढतो, त्यांपैकी बहुतेक पहिली-दुसरीतल्या मुलासाठी बंदच असतात.

हे गणित मला अभियांत्रिकीच्या पदवीने शिकवले नाही, भाचीने शिकवले. ताई-भावोजींसोबत एका पार्कमध्ये गेलो होतो. पाऊण तास रांगेत उभे राहिल्यावर पट्टीपाशी ती चार बोटे कमी भरली. पुढचा अर्धा दिवस ताई तिला घेऊन सावलीत बसून होती आणि आम्ही दोघे आळीपाळीने राइड घेत होतो. तिकीट मात्र चौघांचे होते. घरच्या भिंतीवर टेपने उंची मोजायला दोन मिनिटे लागली असती. पार्कच्या संकेतस्थळावर राइडनिहाय उंची दिलेली असते. मुलाला कोणत्या राइड मिळतील ते मोजा आणि मगच तिकिटाकडे वळा. अनेक ठिकाणी तिकीटही वयावर नसते, उंचीवर असते, हेही तेव्हाच कळते.

संभाजीनगरहून कोणते अधिक सोयीचे?

इथे उत्तर अनपेक्षित आहे. खोपोली नकाशावर मुंबईच्या अलीकडे दिसते, पण आपल्याकडून तिथे थेट सोयीची रेल्वे नाही. अहिल्यानगर-पुणे मार्गे गाडीने तीनशे किलोमीटरच्या वर अंतर पडते. वाघोलीची कोंडी धरली तर सकाळी निघून त्याच दिवशी पार्क पाहणे हा विचारच सोडून द्यावा. एक मुक्काम धरावाच लागतो आणि तो खर्च जाहिरातीत नसतो.

उलट मुंबईचे क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला, म्हणजे सीएसएमटी स्थानकापासून टॅक्सीने काही मिनिटांवर. रात्रीची देवगिरी पकडली तर मुले झोपेत मुंबईला पोहोचतात आणि जहाजावर चढण्याआधी पुरेसा वेळ हाताशी राहतो. नांदेडहून येणारी वंदे भारत आरामदायी असली तरी मुंबईला दुपारी पोहोचते. जहाजाचे चेक-इन बंद होण्याची वेळ पाहिल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये. उशिरा आलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे, पण भिवंडीनंतरची वाहतूक जुनीच आहे.

दोन्हींपेक्षा जवळचा पर्याय शिर्डीचा. शंभरेक किलोमीटर, दीड-दोन तास. सकाळी निघून रात्री आपल्याच अंथरुणात. (आमच्या लहानपणी हे स्थान पैठणच्या ज्ञानेश्वर उद्यानाचे होते. ते उद्यान नीट राखले असते तर हा लेख निम्माच लिहावा लागला असता.)

मुलांना बोट लागते का?

दोन वर्षांखालील मुलांना ती सहसा लागत नाही. त्रास सर्वाधिक होतो तो साधारण सहा ते बारा या वयात. म्हणजे काळजी कडेवरच्या बाळाची कमी आणि तिसरीतल्या मुलाची जास्त. जहाज झोक्यासारखे हलते. मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी, टोकाला आणि वर जास्त. त्यामुळे केबिन निवडता येत असेल तर खालची, मधली घ्यावी. औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच न्यावे. जहाजावर दवाखाना असतो, पण तो प्राथमिक. मध्यरात्री ताप चढला तर बंदर येईपर्यंत थांबावे लागते. अनेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालील बाळांना घेत नाहीत, त्यामागे हेच कारण.

गर्दीतल्या संसर्गाचा धोकाही विसरू नये. जानेवारी २०२२ मध्ये गोव्याला पोहोचलेल्या याच जहाजावर ६६ जण करोनाबाधित आढळले होते. तो काळ वेगळा होता, पण बंद जागा आणि एकच जेवणघर ही रचना तशीच आहे.

सुरक्षेबाबत काय विचारावे?

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर ‘समुद्र नको’ म्हणणारे पालक वाढले, ते स्वाभाविक आहे. मात्र फेरीबोट आणि समुद्रगामी प्रवासी जहाज यांचे नियम वेगळे. आंतरराष्ट्रीय सोलास नियमांनुसार जहाजावर प्रत्येक मुलासाठी त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट हवे. २४ तासांहून लांबच्या सफरीत प्रत्येक बाळासाठीही. १५ किलोखालील बाळाचे वेगळे, १५ ते ४३ किलोच्या मुलाचे वेगळे. मोठ्यांचे जॅकेट घट्ट बांधून चालत नाही, पाण्यात मूल त्यातून खाली सरकते. केबिनमध्ये शिरताच मुलाच्या मापाचे जॅकेट मागून घ्यावे.

२०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ बुडाली आणि ३२ जण मरण पावले. त्यानंतर सुरक्षा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे २०१५ पासून बंधनकारक झाले. मुले कंटाळतात म्हणून तो टाळू नका. बाल्कनीची केबिन लहान मुलांसाठी घेऊ नये, हे माझे मत.

खर्चाची तुलना कशी करायची?

पार्कचे तिकीट एका दिवसाचे, क्रूझचे भाडे जेवण-मुक्कामासह. दोन आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही. पार्कच्या बाजूला हॉटेल, इंधन, टोल, आतले जेवण आणि लॉकर मिळवा. प्रवेशावर १८ टक्के जीएसटी आहे; जानेवारी २०१८ पूर्वी तो २८ टक्के होता. क्रूझच्या बाजूला बंदर शुल्क, कर, सेवा शुल्क आणि पैसे मोजूनच मिळणारी पेये व सहली धरा. ‘मुले मोफत’ असे लिहिलेले असले तरी मुलांचे बंदर शुल्क अनेकदा लागतेच. किनारा सोडताच मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाका, समुद्रातले रोमिंग फार महाग पडते.

जूनमध्ये मुंबईहून जाता येईल का?

मेअखेरीस समुद्र खवळू लागतो. मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते. २०२३ च्या जूनमध्ये ‘एम्प्रेस’ चेन्नईहून श्रीलंकेला जात होते. मुंबईहून जायचे तर एप्रिल किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात, नाहीतर थेट दिवाळीनंतर.

मग कोणी काय निवडावे?

तीन वर्षांखालील मूल असेल तर दोन्ही टाळावे. डायपरमधल्या मुलांना जहाजाच्या तलावात सहसा उतरू देत नाहीत आणि पार्कमध्ये त्यांच्यासाठी फारसे काही नसते. चार ते सात वर्षांचे मूल आणि सोबत आजी-आजोबा असतील तर दोन रात्रींची क्रूझ सरस ठरते. दुपारची झोप चुकत नाही, आजोबांचे गुडघे दुखत नाहीत आणि आईला तीन दिवस ‘आज काय करू’ विचारावे लागत नाही. हा शेवटचा मुद्दा तुलनेच्या तक्त्यांत कधी दिसत नाही, पण सुट्टी कोणाची याचे उत्तर त्यातच असते. मूल आठच्या पुढे आणि १२० सेंटिमीटरच्या वर गेले की पार्कचे पैसे वसूल होऊ लागतात.

दोन्ही एकत्र हवे असेल तर?

त्यासाठी डिस्नेने सिंगापूरला ‘डिस्ने अ‍ॅडव्हेंचर’ नेमले आहे. सुमारे ६,७०० प्रवाशांचे, डेकवर रोलर कोस्टर असलेले हे जहाज. पहिली सफर डिसेंबर २०२५ ची होती, ती १० मार्च २०२६ वर ढकलली गेली. आपल्याकडून जायचे तर विमान, व्हिसा आणि प्रत्येक मुलाचा वेगळा पासपोर्ट लागेल. मुंबई-गोवा सफरीला पासपोर्ट लागत नाही. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे घरात आधी काढून ठेवलेला असेल तर त्यावरची तारीख आजच पाहून घ्या.