जप्तीची गाडी, चालू हप्ता

पांढरकवडा हे नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव. इथे पोटासाठी कुणी जीपमध्ये जादा बाक बसवतो, तर हौसेपायी कुणाचा मुलगा बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर लावतो.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम सांगते, की नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. प्रश्न रस्त्यावरच्या माणसांच्या जिवाचा आहे. तेव्हा कायदा कडक असावा, याबद्दल दुमत नाही.

तक्रार आहे ती पुढची. अटकावलेली गाडी ठाण्याच्या आवारात उन्हापावसात सडते. बँकेत उमर घालवलेल्याला ठाऊक असते, की गाडी थांबली तरी हप्ता थांबत नाही. जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही. छायाचित्रे, पंचनामा आणि हमी घेऊन ती सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्येच सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितले आहे.

शिक्षा दोषाला व्हावी, संसाराला नव्हे. दोष कोणता आणि तो किती दिवसांत काढायचा, हे नोटिशीत साध्या मराठीत लिहावे. दोष निघाला, दंड भरला, की गाडी सोडावी. आपणही गॅरेजवाल्याच्या ‘काही होत नाही, भाऊ’वर विसंबू नये. बदलाआधी यवतमाळच्या परिवहन कार्यालयात आणि गाडी कर्जाची असेल तर बँकेतही विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारण्याचे मात्र पडतात.