धूर फाट्यावर, तपासणी शहरात

पळस्पे फाट्यावर मुंबई-पुणे रस्त्यापासून गोव्याचा महामार्ग वेगळा होतो. न्हावाशेव्याहून निघालेले कंटेनर आणि कोकणात जाणारे सिमेंटचे ट्रक रात्रंदिवस येथे धूर ओकतात. डिझेलचा धूर फुप्फुसाचा कर्करोग घडवितो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केले. तो धूर आयुष्यभर गिळणारा चालक, क्लीनर, पंक्चर काढणारा आणि चहाची टपरी चालविणारा यांच्या छातीत काय वाढत आहे, हे पाहण्याची तसदी कोणी घेतलेली नाही.

पाहण्याचे साधन नाही, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. 2011 मध्ये अमेरिकेत त्रेपन्न हजारांवर स्त्री-पुरुषांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अल्प किरणमात्रेच्या सीटी स्कॅनने वर्षाला एकदा, अशी तीन वेळा तपासणी केल्यास, साध्या क्ष-किरण तपासणीच्या तुलनेत, या कर्करोगाचे मृत्यू वीस टक्क्यांनी घटतात, हे तीत दिसले. 2020 मध्ये युरोपातील चाचणीने त्याला दुजोरा दिला. गाठ लहान असता ती कापून काढता येते. खोकल्यातून रक्त पडू लागेपर्यंत ती संधी बहुधा गेलेली असते.

मग हे यंत्र कोणासाठी फिरते? शहरातील प्रयोगशाळा 'संपूर्ण तपासणी'चे पॅकेज विकतात आणि ज्याने कधी विडी शिवली नाही अशा सुखवस्तू गृहस्थाची छाती न्याहाळतात. अमेरिकेच्या त्या चाचणीतही संशयास्पद ठरलेल्या तपासण्यांपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक निष्कर्ष कर्करोगाचे नव्हते. जुन्या क्षयाचे व्रण घराघरांत असलेल्या या देशात अशा सरसकट तपासणीतून काय निघणार? भीती, सुई आणि बिल! ज्याला धोका नाही त्याला तपासायचे आणि ज्याला आहे त्याला वाऱ्यावर सोडायचे, हा बाजाराचा न्याय आहे.

सरकारी न्याय याहून फार वेगळा नाही. 2016 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी आहे, आणि ती हवीच. फुप्फुसाला मात्र त्यात जागा नाही. चालक खोकत आला की छातीचा फोटो निघतो, सावली दिसते आणि अनेकदा क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. महिने जातात, गाठ वाढते. दोष एकट्या डॉक्टरचा नव्हे. त्याच्या हाती तेवढाच फोटो असतो. दीड लाखांवर लोकांच्या दुसऱ्या अमेरिकी चाचणीत, दरवर्षी क्ष-किरण तपासणी करूनही मृत्यू घटले नव्हते. डिसेंबर 2024 च्या क्षयरोग मोहिमेत हातात धरण्याची क्ष-किरण यंत्रे वस्त्यांत पोहोचली. म्हणजे मनात आणले तर शासन पोहोचू शकते!

'विड्या ओढतात, मग भोगतात' असे शहाणपण ऐकू येते. अमेरिकेतील चाचणी झाली तीच मुळी अट्टल धूम्रपान करणाऱ्यांवर; त्यांना कोणी चारित्र्याचा दाखला मागितला नव्हता. शिवाय तिकडचे निकष सिगारेटची पाकिटे मोजतात. विडी, चूल आणि डिझेल मोजणारा निकष येथेच घडवावा लागेल, आणि तो घडवू शकणारे टाटा स्मारकाचे संशोधन केंद्र याच पनवेल तालुक्यात, खारघरला आहे.

पैसा कोठून आणायचा, हा शेवटचा आक्षेप. ज्या 2011 मध्ये ते निष्कर्ष आले त्याच वर्षी हाती घेतलेले पळस्पे-इंदापूर रुंदीकरण वर्षानुवर्षे रखडले, तरी त्याला पुन्हा पुन्हा पैसा मिळाला. त्याच रस्त्यावरच्या मालवाहतुकीच्या करातून पन्नाशी ओलांडलेल्या, दीर्घकाळ विडी-धुरात काढलेल्या कामगारांची पनवेलच्या सरकारी रुग्णालयात नोंद व्हावी. सीटी स्कॅन मोफत व्हावा, गाठ दिसल्यास पुढील तपासण्यांचा पाठपुरावा व्हावा आणि त्या दिवसांची मजुरी मालकाने द्यावी. ही नोंद फाट्यावरच, रात्री ट्रक थांबतात तेव्हा करावी लागेल. दिवसा बाह्यरुग्ण विभागात रांग लावायला चालकाला सवड नसते.